ग्राफिक्स कार्डला एसएमपीएसची केबल कशी जोडावी: नागपूरच्या उन्हाळ्यासकट

मी घरांची थ्रीडी चित्रं रेंडर करून देते. प्रतापनगरच्या घरात पुढच्या खोलीतच कामाचा कॉम्प्युटर आहे. पहिलं ग्राफिक्स कार्ड घेतलं, आरटीएक्स ३०६०, तेव्हा माझ्या जुन्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, कार्डाची आठ पिनांची केबलच नव्हती. दुकानदाराने एक वीतभर वायर हातात ठेवली. एका टोकाला साटाचा, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देतो तो, चपटा प्लग, दुसऱ्या टोकाला आठ पिनांचा. कार्ड सुरू झालं, तीन आठवडे बरं चाललंही. मग नवतप्यातल्या एका दुपारी, लांबलचक रेंडर चालू असताना, खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. कॅबिनेट उघडलं तर साटाचा प्लग तपकिरी होऊन समोरच्या जोडाला चिकटलेला होता. कार्ड वाचलं, पण दिलेल्या तारखेचं काम गेलं आणि एसएमपीएस नवा घ्यावा लागला.

त्यानंतर माझ्या, भाच्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या कॉम्प्युटरांत मी बरीच कार्डं बसवली. कार्डाची बहुतेक ताकद तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या पिनांमधून जाते. पिन सैल, वायर बारीक किंवा जोड भलत्याच जागचा असला की त्या एका ठिकाणी उष्णता साठत जाते. मे महिन्यात आपल्या खोलीतली हवाच चाळिशीला टेकलेली असते, त्यामुळे पुण्या-मुंबईत कसाबसा निभावणारा जोड इथे निभावत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पहिल्यांदाच कार्ड बसवणार असाल तर आधी पूर्ण वाचा, मगच कॅबिनेट उघडा.

हाताशी काय हवं

- चांगला चौफुली स्क्रूड्रायव्हर, टोकाला चुंबक असेल तर उत्तम
- कार्डाचं आणि एसएमपीएसचं माहितीपत्रक, म्हणजे खोक्यातलं पातळ पुस्तक (ते रद्दीत देऊ नका)
- एसएमपीएसबरोबर आलेल्या सगळ्या केबल्स, त्याच पिशवीत
- मोबाइलचा टॉर्च
- मऊ ब्रश
- केबल बांधायला वेल्क्रोची पट्टी
- कार्डाचं आणि एसएमपीएसचं पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर लिहून घेतलेला

१. कार्ड घेण्याआधी बेरीज करा

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. मदरबोर्डच्या ज्या खाचेत ते बसतं, तिथून जास्तीत जास्त ७५ वॅट. बाकीची एसएमपीएसच्या केबलने. सहा पिनांच्या जोडाची मर्यादा ७५ वॅट, आठ पिनांच्या जोडाची १५० वॅट, आणि नव्या सोळा पिनांच्या जोडाची ६०० वॅटपर्यंत.

आता कार्डं पाहा. जीटीएक्स १६५० मूळ रचनेत ७५ वॅटचं आहे, म्हणून त्याच्या अनेक मॉडेलना वेगळी केबल लागतच नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. दोन्हींना साधारणपणे आठ पिनांचा एकच जोड असतो. आरएक्स ७८०० एक्सटीला २६३ वॅट, म्हणून आठ-आठचे दोन. आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅट, तिथे सोळा पिनांचा जोड येतो.

मग एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेलं लेबल वाचा. वर ठळक छापलेला आकडा बाजूला ठेवा आणि तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते शोधा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. अँपिअरला १२ ने गुणा. समजा वर ४५० वॅट लिहिलं आहे, पण १२ व्होल्टखाली १८ अँपिअर आहेत, तर तुमच्या हाती खरे फक्त २१६ वॅट आले. त्यावर १७० वॅटचं कार्ड आणि वर प्रोसेसर, हे बसत नाही. कार्डाची कंपनी एकूण किती वॅटचा एसएमपीएस घ्या म्हणते तेही पाहा. आरटीएक्स ३०६० साठी ती शिफारस ५५० वॅटची आहे.

आणखी एक प्रश्न दुकानात जरूर विचारा, सहसा कोणी विचारत नाही: पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत मिळतील? चांगल्या एसएमपीएसच्या माहितीत ४० किंवा ५० अंश असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नागपुरात राहत असाल तर ५० वालाच घ्या. इथे पाचशे-हजार रुपये जास्त गेले तरी मी हळहळत नाही.

२. केबल ओळखा, मग हात लावा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. एसएमपीएसमधून निघणारी आठ पिनांची केबल दोन प्रकारची असते आणि दोन्ही लांबून सारख्याच दिसतात.

एक प्रोसेसरची. तिचे सहसा चार आणि चार असे दोन तुकडे होतात. तिच्यावर बहुधा सीपीयू लिहिलेलं असतं आणि ती मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात जाते.

दुसरी कार्डाची. तिचे सहा आणि दोन असे तुकडे होतात, आणि तिच्यावर पीसीआय-ई किंवा व्हीजीए लिहिलेलं असतं.

भाच्याचा मित्र कार्ड घेऊन आला तेव्हा म्हणाला, "मावशी, हे आठ पिनचं इथं बसूनच नाही राहिलं." हातात प्रोसेसरची केबल होती. तो जोर लावणार तेवढ्यात मी थांबवलं. कार्डाच्या आठ पिनांत १२ व्होल्टच्या तीन आणि परतीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, पाच असतात. प्रोसेसरच्या केबलमध्ये चार आणि चार, आणि त्यांच्या रांगा अगदी उलट. म्हणजे कार्डाला जिथे १२ व्होल्ट हवेत तिथे परतीची तार येते आणि परतीच्या जागी १२ व्होल्ट. ती दाबून बसवली तर सरळ शॉर्ट. एसएमपीएस चांगला असेल तर स्वतःला बंद करून घेईल. हलका असेल तर कार्डाची खात्री देता येत नाही.

प्लगच्या तोंडाकडे टॉर्च मारून पाहा. काही भोकं चौकोनी असतात, काहींचे कोपरे तासलेले. समोरच्या जोडात तसेच आकार असतात. आकाराला आकार जुळला तर प्लग बोटाच्या दाबाने आत जातो. तळहाताचा जोर लावावासा वाटला तर समजा केबल चुकली आहे किंवा उलटी धरली आहे.

पूर्वी १२ व्होल्टची तार पिवळी आणि परतीची काळी असायची, त्यावरून मोजता यायचं. आता बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या येतात, म्हणून रंगावर विसंबू नका, प्लगवरची अक्षरं वाचा.

३. साटाचं अडॅप्टर नकोच

माझ्याकडे जे जळलं त्याचं गणित नंतर मांडून पाहिलं आणि वाईट वाटलं, कारण ते आधी दोन मिनिटांत करता आलं असतं. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. तीन मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. कार्ड १७० वॅटचं. त्यातले खाचेतून फार तर ७५ येणार. उरलेले ९५ वॅट त्या ५४ वॅटच्या प्लगमधून ओढले जात होते, आणि रेंडर म्हणजे पाच मिनिटांचा खेळ नसतो, तासन्‌तास पूर्ण भार.

हार्ड डिस्कला हा प्लग उत्तम आहे, कार्डाला नाही. दोन साटाचे प्लग एकत्र केलेली अडॅप्टरं मिळतात, तीही घेऊ नका. दोघांत भार सारखा वाटला जाईल याची हमी नसते.

जुन्या मोठ्या चार पिनांच्या मोलेक्सवरून सहा पिना काढणारी वायर त्याहून थोडी बरी असते, तरी माझा सल्ला तोच. एसएमपीएसला कार्डाची केबल नाही याचा सरळ अर्थ असा, की तो अशा कार्डासाठी बनवलेलाच नाही. दुकानदार "चालते जी, सगळेच लावतात" म्हणाला तरी कार्ड आठ दिवस थांबवा आणि आधी एसएमपीएस बदला.

४. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावू नका

ज्याच्या केबल्स काढता-घालता येतात त्या मॉड्युलर एसएमपीएसबद्दल हे आहे. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, कारण त्याचं मानक ठरलेलं आहे. एसएमपीएसकडच्या टोकाचं मानक नाही. कोणत्या भोकातून १२ व्होल्ट आणि कुठून परतीची तार, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लग मात्र बसतो, खटकाही लागतो, म्हणून फसायला होतं.

बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, जुना एसएमपीएस आणत असाल आणि त्याच्यासोबत केबल्सची मूळ पिशवी नसेल तर तो घेऊ नका. आणि घरी एसएमपीएस बदललात तर जुन्या केबल्स कॅबिनेटमध्ये तशाच ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होतो, तो टाळा. सगळ्या काढा, नव्या ओढा. अर्धा तास जातो.

५. वीज बंद, आणि अर्थिंगची खात्री

कॉम्प्युटर बंद करा. एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा. भिंतीतून पिन काढा. मग कॅबिनेटचं सुरू करायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका, त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज काढल्यावरही धोका राहतो.

एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की सिंथेटिक कपड्याला हात लागला तरी चटचट आवाज येतो. तोच चटका कार्डाच्या चिपला बसू शकतो. सुती कपडे घाला, चटईवर किंवा गालिच्यावर उभं राहू नका, आणि कार्ड उचलण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. काम चालू असतानाही अधूनमधून लावत राहा.

आता घरातल्या वायरिंगचं. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत, आणि काही नव्या फ्लॅटांतही, सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे अर्थिंगची तार जोडलेली नसते. त्याची खूण अशी: कॉम्प्युटर चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज डब्यावर येते, ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. वाट नसली की ती तुमच्या हातातून जाते, किंवा मॉनिटरची केबल लावताना कार्डातून. झिणझिण्या येत असतील तर कार्ड बसवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर तर कॉम्प्युटर कधीच चालवू नका.

६. कार्ड खाचेत बसवणं

हे सोपं आहे. कॅबिनेट आडवं करा. मदरबोर्डच्या सगळ्यात वरच्या लांब खाचेसमोरच्या मागच्या पट्ट्या काढा, कार्ड सरळ धरून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, खाचेच्या शेवटची कडी वर येऊन बसली पाहिजे. मागचे स्क्रू लावा. स्क्रू लावल्याशिवाय केबल जोडू नका, नाहीतर केबलच्या ओढीने कार्ड खाचेत तिरकं होतं.

७. केबल जोडणं

कार्डाची केबल घ्या. आठ पिनांचा जोड असेल तर आधी सहा आणि दोनचे तुकडे एकमेकांना घट्ट जुळवून धरा. दोनच्या तुकड्याला एक बारीक कड असते, ती सहाच्या खाली अडकते. जुळवलं नाही तर दोनचा तुकडा अर्धाच आत जातो, आणि वरून दिसतही नाही.

प्लगवरचा खटका आणि कार्डावरचं नाक एकाच बाजूला आणा. सरळ आत दाबा. "कट्ट" असा आवाज येतो किंवा बोटाला जाणवतो. मग प्लग धरून, तार धरून नव्हे, हलकेच मागे ओढून पाहा. निघाला नाही म्हणजे बसला. मॉड्युलर असेल तर एसएमपीएसकडच्या टोकालाही हेच करा. ते टोक नजरेआड असतं आणि तेच जास्त वेळा सैल सापडतं.

कार्डाला दोन जोड असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल्स आणा. अनेक केबल्सना एका तारेवर दोन प्लग लागोपाठ दिलेले असतात. एकाच केबलने काम भागतं असं वाटतं, पण दोन्ही जोडांची वीज मग एसएमपीएसकडच्या एकाच प्लगमधून निघते. २६३ वॅटच्या कार्डाला मी ते कधीच करत नाही. उरलेला लोंबता प्लग वेल्क्रोने मागे बांधून टाका, पंख्यात जाऊ देऊ नका.

८. सोळा पिनांचा जोड असेल तर

आठ पिनांच्या जोडात १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर, तीन पिनांत वाटले तर प्रत्येकीवर चारच्या थोडं वर. सोळा पिनांच्या जोडात ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकीवर आठच्या वर. पिना मात्र आकाराने आणखी लहान. त्यामुळे तिथे चुकीला जागा फार कमी राहते.

आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि काही दिवसांतच जोड वितळल्याचे फोटो येऊ लागले. आरटीएक्स कार्डांच्या एनव्हिडिया कंपनीने नोव्हेंबरमध्ये सांगितलं की जगभरात सुमारे ५० प्रकरणं त्यांना कळली आहेत, आणि त्यांत मुख्यतः प्लग पूर्ण आत गेलेला नव्हता. पुढे जोडाची सुधारित रचना आली. तिच्यात प्लग बसल्याची कार्डाला खूण देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या आणि वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाला खूण मिळत नाही आणि ते वीज ओढत नाही. सुधारित जोडावर एच++ अशी खूण असते.

तुम्ही करायचं ते असं. प्लग शेवटपर्यंत दाबा. टॉर्च धरून बाजूने पाहा, प्लग आणि कार्ड यांच्यात फट दिसता कामा नये. प्लगपासून निदान ३५ मिलिमीटर केबल सरळ राहू द्या, त्यानंतरच वाकवा. कॅबिनेटची काच लागत नाही म्हणून केबल दाबून काच बसवू नका, काच काढून ठेवा किंवा मोठं कॅबिनेट घ्या. कार्डासोबत आठ पिनांची तीन-चार तोंडं असलेलं अडॅप्टर आलं असेल तर सगळी तोंडं भरा, प्रत्येकाला वेगळी केबल. आणि हा जोड पुन्हा पुन्हा काढून पाहू नका, तो सुमारे ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेला आहे.

९. पहिल्यांदा सुरू करताना

मॉनिटरची केबल कार्डाच्या मागे लावा, मदरबोर्डच्या मागे नाही. निम्मे घाबरलेले फोन मला याच कारणासाठी येतात.

कॅबिनेटची बाजू उघडी ठेवूनच सुरू करा. वीज कमी पडत असेल तर काही कार्डांवर जोडाशेजारी लाल दिवा लागतो, काही वेळा पडद्यावर केबल जोडा असा संदेश येतो. तसं झालं तर वीज पूर्ण बंद करून पायरी ७ पासून पुन्हा तपासा, चालू असताना प्लग दाबून पाहू नका.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकल्यावर वीस मिनिटं पूर्ण भार द्या, एखादा जड गेम किंवा रेंडर. सोबत एचडब्ल्यूइन्फो हे कॉम्प्युटरच्या भागांची मोजमापं दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवा. त्यात कार्डाचं तापमान दिसतं, आणि अनेक कार्डांत जोडावरचे व्होल्टही. १२ च्या आसपास हवेत. भार आल्यावर ११.४ च्या खाली जात असतील तर जोड किंवा एसएमपीएस यांपैकी एकात दोष आहे. मग कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतून पिन काढा आणि लगेच प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला बोट लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल किंवा वास येत असेल तर वापर तिथेच थांबवा.

भार येताच कॉम्प्युटर एकदम बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर बहुतेक वेळा एसएमपीएस कमी पडतो आहे. आधी यूपीएस मधून काढून थेट सॉकेटवर लावून पाहा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्यापलीकडे जातात आणि वादळात लाइट गेली की तो सांभाळायच्या ऐवजी सगळंच बंद करतो.

१०. कूलर, धूळ आणि मे महिना

कूलरच्या झोताच्या समोर कॉम्प्युटर ठेवू नका. खोली गार वाटते, पण ती हवा दमट असते, कधी बारीक तुषारही येतात. ओलावा आणि धूळ मिळून जोडांवर थर बसतो. कूलर खिडकीत असेल तर कॉम्प्युटर बाजूच्या भिंतीला घ्या, समोरच्या नाही. आणि कूलरची पिन वेगळ्या सॉकेटला लावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर कूलरची मोटर आणि ४०० वॅट ओढणारा कॉम्प्युटर असला की बोर्डाच्या सैल पट्ट्या तापतात. कार्डाचा जोड नीट असूनही माझ्या ओळखीतल्या एका घरी बोर्डच वितळला.

दुपारी बारा ते चार लांब रेंडर लावायची माझी सवय मी मोडली. ते काम रात्री लावते. दिवसा करावंच लागलं तर सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणते. वेग थोडाच कमी होतो, जोडावरची उष्णता बरीच उतरते.

बसवल्यावर एका महिन्याने कॅबिनेट उघडून टॉर्चने सगळे जोड पाहा. प्लॅस्टिकचा रंग बदललेला, तारेचं आवरण कडक झालेलं किंवा फट पडलेली दिसते का एवढंच बघायचं, प्लग काढायचे नाहीत. तेव्हाच जोडांचा आणि सिरियल नंबरचा फोटो काढून बिलासोबत ठेवा. वॉरंटीत कार्ड पाठवताना जोड नीट बसवलेला होता हे दाखवायला तो उपयोगी पडतो. त्यानंतर दर उन्हाळ्याच्या आधी, होळीच्या सुमारास, धूळ काढा. ब्रश फिरवताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका.